जुन्या चित्रपटगृहात लोकसंगीताची मासिक रात्र: मांडणी कशी असावी?

नीराकाठ:
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने एकपडदा चित्रपटगृह अजून चालू आहे. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की दोन-तीन दिवस बरी गर्दी असते, पण गुरुवारपर्यंत खेळ जवळजवळ रिकामे जातात. त्यामुळे मालकांनी आमच्या चित्रपट मंडळाला कार्तिकापासून दर महिन्याला एक गुरुवारची रात्र देऊ केली आहे. पहिली रात्र शाहिरीची, दुसरी गोंधळाची, तिसरी वाघ्या-मुरळीची आणि चौथी ज्याला मुले ‘इंडी’ म्हणतात त्या स्वतःच्या रचना गाणाऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदाची, असे तूर्त ठरले आहे.

अडचण जागेची आहे. पडद्यापुढे जेमतेम आठ फुटांची पट्टी मोकळी आहे आणि खुर्च्या जमिनीत रोवलेल्या आहेत. मागे एकदा तेथे पोवाड्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा आयोजकांनी आणलेल्या मोठ्या ध्वनिवर्धकांमुळे शब्द कळेनासे झाले आणि निम्मे श्रोते मध्यंतरालाच उठले. हे पुन्हा घडू नये असे मनापासून वाटते. ध्वनी आणि बैठक यांची मांडणी कशी करावी? शिवाय जुने आणि नवे संगीत वेगवेगळ्या रात्रींना ठेवणे योग्य आहे का?

डफाची_थाप:
आमच्या घरात तीन पिढ्या पोवाडा गायला जातो, म्हणून अनुभवाचे तेवढे सांगतो. शाहीर वरच्या पट्टीत गातो, कारण त्याचा आवाज मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचा असतो. चित्रपटगृहाची बांधणी नेमकी उलट हेतूने केलेली असते. चित्रपटातल्या आवाजाची घुमारी ध्वनिमुद्रणातच आलेली असते, म्हणून सभागृहाने स्वतःची भर घालू नये यासाठी भिंतींना आवाज शोषणारे आच्छादन लावतात. अशा ठिकाणी गाणाऱ्याला आपलाच आवाज परत ऐकू येत नाही, आणि तो येत नाही म्हणून गळा ताणत जातो. अर्ध्या तासात घसा बसलेले चांगले शाहीर मी पाहिले आहेत.

यावर आम्ही असे करतो की झीलकऱ्यांना, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांना, नेहमीपेक्षा जवळ, अगदी खांद्यामागे उभे करतो आणि शाहिराच्या पायाशी त्याच्याकडे तोंड केलेला एक लहान ध्वनिवर्धक ठेवतो. डफाला माईक देऊ नये. तुणतुण्याला मात्र अवश्य द्यावा, कारण त्याची एकच तार असते आणि ती बुडाली की सुराचा आधारच जातो. डफाला माईक आणि तुणतुणे कोपऱ्यात, अशी उलटी व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते, आणि तुमच्याकडे शब्द हरवले ते बहुधा त्यामुळेच.

प्रोजेक्शन_खोली:
मी सव्वीस वर्षे चित्रपटगृहात ऑपरेटर होतो. पहिली गोष्ट पडद्याची. त्याला बारीक छिद्रे असतात, कारण मुख्य ध्वनिवर्धक त्याच्या मागे असतात. त्या छिद्रांत धूळ बसली की ती निघत नाही आणि हात लागलेली जागा पुढच्या प्रत्येक खेळात दिसते. तेव्हा पडद्यापुढे जाड काळे कापड सोडल्याशिवाय कोणालाही त्या पट्टीवर चढू देऊ नका. वाघ्या-मुरळीच्या रात्री हे दुप्पट सांभाळावे लागेल, कारण भंडारा उधळल्याशिवाय ते जागरण होणार नाही, आणि हळदीचा डाग पडद्यावरून जात नाही. भंडारा बाहेर पटांगणात उधळावा आणि आत फक्त कपाळाला लावावा, असे मंडळींशी आधीच बोलून घ्या. ती माणसे समजूतदार असतात, पण ऐन वेळी सांगितले तर तो त्यांना अपमान वाटतो आणि ते रास्तच आहे.

दुसरी गोष्ट दिवटीची. गोंधळ पेटत्या दिवटीशिवाय होत नाही, आणि कापडी पडदा, फोमच्या खुर्च्या व बंद दारे असलेल्या सभागृहात उघडी ज्योत नेणे मला कदापि मान्य नाही. यातून एक चांगली वाट निघते. धान्याचा चौक भरून, घट मांडून देवीदेवतांना ‘गोंधळाला यावे’ असे आवाहन पटांगणातच करावे, श्रोत्यांनी भोवती उभे राहावे, आणि दिवटी तेथेच तेवत ठेवून संबळाच्या मागोमाग सर्वांनी आत यावे. उत्तररंगातले आख्यान आत बसून ऐकावे. ते नीट ऐकायला अंधारलेल्या सभागृहासारखी जागा नाही.

जुने एअर कूलर असतील तर कार्यक्रमाच्या आधी तासभर बंद ठेवा, कारण त्यांच्या दमट हवेने वाद्यांचे कातडे सैल पडते. हलगी शेकायला शेगडी लागेलच, तीही बाहेरच.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगतो की चित्रपटगृहाचा परवाना म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमाचा परवाना नव्हे. त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि त्यासाठी महिनाभर आधी अर्ज केलेला बरा. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे, पटांगणाला नाही. म्हणून बाहेरचा भाग ध्वनिवर्धकाविना आणि लवकर उरका.

टाइनकाठची:
मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहते. येथे ‘स्टार अँड शॅडो’ नावाचे एक चित्रपटगृह आहे, जे पूर्णपणे स्वयंसेवक चालवतात. जुनी जागा गेल्यावर त्यांनी नवी इमारत स्वतःच्या हातांनी उभी केली आणि २०१८ साली ती उघडली. तेथे चित्रपटांबरोबर संगीताचे कार्यक्रमही होतात, आणि तिकीट फाडण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंतची कामे श्रोत्यांतलीच माणसे करतात. आपल्या मंडळालाही हे जमण्यासारखे आहे.

ध्वनीविषयी एक निरीक्षण सांगते. या भागात नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप्स हे वाद्य आहे. त्याच्या पिशवीत तोंडाने हवा फुंकत नाहीत, काखेखालच्या भात्याने भरतात, आणि त्याचा आवाज इतका हळुवार असतो की ते घरात, बसून ऐकायचे वाद्य मानले जाते. एका लहानशा सभागृहात ते मी माईकविना ऐकले, तेव्हा साठ-सत्तर माणसे श्वास रोखून बसली होती. त्यावरून वाटते की तुमच्या सगळ्या खुर्च्या भरण्याचा आग्रह धरू नये. बाल्कनी बंद ठेवावी, पुढच्या दहा रांगाच विकाव्यात आणि आवाज त्या दहा रांगांपुरता ठेवावा. मागे विखुरलेल्या श्रोत्यांसाठी आवाज वाढवत नेला की पुढच्यांचे ऐकणे संपते.

जलसा_वाचक:
शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत ठाम आहे. जुने आणि नवे अशी वाटणी करू नका. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा पोवाडा आणि तमाशा ही रूपे जुनी होती, पण त्यांत आलेला विषय त्या दिवसाचा होता. त्याआधीच सत्यशोधक जलशांनी आणि त्यांच्यामागून आंबेडकरी जलशांनी हेच केले, आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी गावोगावी तोंडोतोंडी पोहोचली. ज्याला आज पर्यायी संगीत म्हणतात, ते आपल्याकडे डफ-तुणतुण्यावर कधीचे चालू आहे. शाहिराला ‘परंपरा’ म्हणून एका रात्री आणि गिटारवाल्या मुलांना ‘आजचे’ म्हणून दुसऱ्या रात्री बसवले, तर शाहीर आजचा नाही असे आपणच जाहीर केल्यासारखे होते.

चित्रपटगृहातल्या गाण्या-नाचण्याचेही तसेच आहे. १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा पहिला चित्रपट लागला, तेव्हा त्याच कार्यक्रमात नृत्य आणि कसरतीही होत्या, आणि मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबला वाजतच असे. त्या पट्टीवर वादकांचा हक्क जुना आहे.

डफाची_थाप:
जलसा_वाचक यांच्याशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण एक अडचण मांडतो. गोंधळ आणि जागरण हे विधीही आहेत. नवस फेडण्यासारख्या गंभीर भावनेने जे उभे राहते, त्याच्या लगेच पुढे-मागे ड्रमसेट लावणे मला पटत नाही. शाहिरी आणि नवे गाणे खुशाल एकत्र ठेवा, विधीच्या रात्री वेगळ्या ठेवा. आणि मानधन सर्वांना सारखे द्या, कार्यक्रमापूर्वी द्या. लोककलावंताला नारळ-शाल आणि शहरातून आलेल्या वाद्यवृंदाला धनादेश, हे मी स्वतः सोसले आहे.

नीराकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मंडळाची बैठक झाली. पहिल्या गुरुवारी शाहीर आणि तरुणांचा वाद्यवृंद एकत्र येतील. पूर्वार्ध शाहिरांचा, उत्तरार्ध मुलांचा, आणि शेवटचे एक गीत दोघांचे, असे ठरले आहे. त्यासाठी दोघेही आदल्या रविवारी सभागृहात तालमीला येत आहेत. बाल्कनी बंद राहील. पुढच्या दहा रांगांचे तिकीट १०० रुपये असेल आणि मानधनाची पाकिटे मध्यंतरापूर्वी नव्हे, पडदा उघडण्यापूर्वी दिली जातील. गोंधळाची रात्र स्वतंत्र ठेवली आहे. पटांगणात चौक कोठे भरायचा हे पाहण्यासाठी गोंधळी मंडळी उद्या सकाळी येत आहेत, आणि ती जागा तेच ठरवणार आहेत. काळे कापड मात्र अजून मिळालेले नाही. बत्तीस फूट रुंदीचे, जाड सुती कापड फलटण किंवा बारामतीच्या बाजूला भाड्याने कोठे मिळेल हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथेच कळवावे.