मदत हवी आहे: चौकातला बसथांबा हलवण्यासाठी वाहनांची मोजणी कोणत्या पद्धतीने मांडावी?

कोथरूडमधल्या एका चौकाचा प्रस्ताव पुणे महापालिकेच्या 'नागरिकांचा सहभाग' अंदाजपत्रकात द्यायचा आहे. उड्डाणपूल नकोय. थांबरेषेच्या अलीकडे १५ मीटरवर बसथांबा आहे, तो चौक ओलांडून पुढे न्यायचा, एवढंच.

सिग्नल हिरवा असतो, पण बस डावी लेन अडवून प्रवासी घेते. मागच्या रिक्षा, दुचाक्या उजवीकडे घुसतात आणि सरळ जाणाऱ्यांचीही लेन तुंबते. आयआरसी ९३ (इंडियन रोड्स काँग्रेसची सिग्नलसाठीची मार्गदर्शिका) च्या सूत्राने ७ मीटर रुंदीची क्षमता ५२५ × ७, म्हणजे हिरव्या वेळेच्या तासाला ३६७५ पीसीयू (सगळी वाहनं कारच्या हिशेबात मोजायचं एकक). बस उभी असताना साडेतीन मीटरच उरतात, क्षमता जवळपास निम्मी. मग सिग्नलची सायकल (लाल-हिरव्याची एक पूर्ण फेरी) ९० सेकंदांवरून १२० केली तरी उपयोग शून्य. रांग फक्त लांबते.

अडलंय ते दुचाकीच्या गुणकावर, म्हणजे एक दुचाकी किती पीसीयू धरायची यावर. आयआरसी १०६ (शहरी रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका) प्रमाणे दुचाक्या जास्त असतील तर ०.७५, इंडो-एचसीएम २०१७ (भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची नियमपुस्तिका) मध्ये सिग्नलसाठी ०.४. पुण्यात निम्म्याहून जास्त गाड्या दुचाकीच, त्यामुळे उत्तर पार बदलतं. शिवाय एकाचा गुणक आणि दुसऱ्याची क्षमता अशी सरमिसळ केली तर अभियंता पहिल्याच पानावर फाईल परत करेल. पथ विभागात सध्या कोणती पद्धत ग्राह्य धरतात?

मोजणी १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांत, वळणानुसार, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा करणार आहोत. बस किती सेकंद थांबते तेही नोंदवायचंय. त्या तक्त्याचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया द्या. थांबा हलवताना वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र आधी लागतं का, हेही सांगा.