मदत हवी आहे: बुडालेल्या जहाजात आणि गुहेत नेण्याजोगं लाइनचं रीळ कोणतं घ्यावं?

मकरपुऱ्याचा_लेथ:

मंडळी नमस्कार. बडोद्याहून लिहितोय. इथे पाणी म्हणाल तर विश्वामित्रीत मगरी आणि सुरसागरात शंकर, डुबकीला दोन्ही बाद. तरी गेली सहा वर्षं सुट्ट्या साठवून स्कूबा करतो. नेत्राणी बेट झालं, अंदमान झालं, आणि गेल्या डिसेंबरात कोलंबोजवळ रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजात शिरण्याचा, कोर्स केला. तिथे जे झालं त्यावरून हा धागा.

२८ मीटरवर बुडालेलं मालवाहू जहाज. रीळ भाड्याचं (दुकानाचं नाव लिहीत नाही). आत जाताना लाइन, म्हणजे परतीची वाट सापडावी म्हणून मागे सोडत जायची दोरी, छान सुटत गेली. मनात म्हटलं, यात काय विशेष? उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, आमच्या गल्लीतलं पाच वर्षांचं पोरही फिरकी धरतं. ढील देताना तळहाताचा हलका दाब ठेवायचा, नाहीतर फिरकी पुढे धावते आणि गुंता होतो, एवढंच ना. परतताना हँडल फिरवलं, चार वेढे गेले आणि खट्ट. चकती आणि फ्रेममधल्या फटीतून लाइन मागे घुसून आसाभोवती आवळून बसली होती. मी ती सोडवत बसलो. माझ्याच बुडबुड्यांनी छताचा गंज सुटला आणि वरून तांबडा पाऊस सुरू झाला. इन्स्ट्रक्टरने रीळ माझ्या हातातून काढून तिथेच खाली ठेवलं आणि बाहेर चल अशी खूण केली. त्या पाच मिनिटांचा हिशेब अजून लागत नाही.

आता स्वतःचं रीळ घ्यायचं ठरवलंय. पुढच्या वर्षी मेक्सिकोत सेनोटेमध्ये (पाण्याने भरलेली नैसर्गिक विवरं) कॅव्हर्न, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या उजेडातल्या भागाचा, कोर्स करायचा बेत आहे. १२० मीटरचं हँडलवालं मोठं रीळ एकदाच घेऊन टाकावं का? की नुसता फिंगर स्पूल, म्हणजे बोटावर फिरणारी बिनहँडलची चकती, पुरे? आणि माझं मकरपुरा जीआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, डेल्रिनचा (टणक प्लास्टिकचा) दांडा पडलेलाच आहे. घरीच टर्निंग करून बनवलं तर? लाइन इथल्या मांडवीच्या बाजारात मिळेलच.

तारकर्लीची_ताई:

दादा, आधी बेरीज करा. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या रेक कोर्सची मर्यादा काय शिकवली? बाहेरचा उजेड दिसेल तिथपर्यंतच, आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटर. तुमचं जहाज २८ वर, म्हणजे आत जायला उरले १२. त्यांच्या कॅव्हर्न कोर्सलाही हाच ४० चा हिशेब. १२० मीटर लाइन नेऊन करणार काय, पतंग उडवणार? लाइन जितकी जास्त तितका जडपणा जास्त, गुंता जास्त, आणि ‘अजून आहे की’ म्हणून पुढे जायचा मोह सगळ्यात जास्त. ४५ मीटरचा स्पूल घ्या. त्यात ना आस, ना हँडल, ना फट. बिघडायला काही नाहीच. वर येताना सिग्नलचा फुगा सोडायलाही तोच चालतो.

खोल_विहीर:

ताईंशी अर्धा सहमत. मी फ्लोरिडात गुहेचा पूर्ण कोर्स केलाय. तिथल्या मुख्य बोगद्यांत लाइन कायमची बांधलेली असते, पण ती आतून कुठूनतरी सुरू होते. उघड्या पाण्यापासून तिथपर्यंत आपली लाइन आपणच न्यायची. त्या कामाला हँडलचं रीळच बरं, कारण स्पूलवर लांब लाइन परत गुंडाळताना बोटं दमतात. पण ते रीळ गुहेचा कोर्स कराल तेव्हा घ्या. कॅव्हर्नला बहुतेक इन्स्ट्रक्टर स्वतःचं रीळ हातात देतात. दोन-चार प्रकार हाताळा, मग पैसे घाला.

रीळ घेताना ब्रँडआधी फट बघा. चकती आणि फ्रेममधली फट लाइन आत घुसेल एवढी असेल तर ते रीळ एक दिवस तुमच्या कोलंबोसारखं करणारच. उघड्या बांधणीचं असावं, म्हणजे अडकलेली लाइन निदान दिसते आणि बोटाने उपसता येते. लॉकचा स्क्रू जाड हातमोज्यातही फिरला पाहिजे, आणि पूर्ण सैल केला तरी गळून पडता कामा नये. डाइव्ह राइट, लाइट मंकी, हॅल्सिऑन ही नावं गुहेवाल्यांकडे नेहमी दिसतात, पण दुकानात जाऊन हँडल उलटंसुलटं फिरवल्याशिवाय घेऊ नका.

आणि तुमच्या इन्स्ट्रक्टरने केलं तेच बरोबर. रीळ अडकलं की सोडून द्यायचं. बाहेर नेणारी लाइन तर बांधलेली आहेच, तिचा हात धरून निघायचं. रीळ उद्याही आणता येतं. अमेरिकेतले गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये गुहांमधले मृत्यू तपासून जे नियम मांडले, त्यात उघड्या पाण्यापर्यंत अखंड लाइन हा होता, आणि हवेचा एक तृतीयांश भाग आत जायला, एक परतायला, एक राखीव, हा होता. तुमच्या त्या पाच मिनिटांत राखीव हवेतली किती गेली, गेज बघितलं होतंत का?

मकरपुऱ्याचा_लेथ:

नव्हतं बघितलं. खरं तेच लिहितो.

तारकर्लीची_ताई:

मांडवीतली लाइन नको! ती पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी पाण्यावर तरंगते. आत ती छताकडे उठेल आणि तुमच्याच टाकीत अडकेल. विणलेलं नायलॉन बुडतं, तेच घ्या. गुहेला २४ नंबरच्या जाडीचं चालतं, जहाजात पत्र्याच्या धारेवर घासतं म्हणून ३६ नंबरचं जाड. दर ३ मीटरला गाठ मारा, म्हणजे अंधारात बोटांना अंतर कळतं. भरण्याआधी भिजवा आणि काठापर्यंत भरू नका. कटर सोबत हवाच, आणि बाहेर पहिली गाठ मारल्यावर आत शिरल्या शिरल्या दुसरीही मारा.

खोल_विहीर:

लेथचं राहिलं. स्पूल बिनधास्त बनवा, ती दोन काठांची चकती आहे. काठांना गोलाई द्या आणि भोकांच्या कडा घासा, नाहीतर क्लिपच्या जागी लाइन कापली जाईल. क्लिप ३१६ स्टीलची, दोन्ही तोंडांची. हँडलचं रीळ मात्र घरी नको.

मकरपुऱ्याचा_लेथ:

आभार दोघांचे. १२० मीटर रद्द. रविवारी स्पूल उतरवला, बाहेरचा काठ ४ मिलिमीटर, सगळ्या कडा ३२० नंबरच्या पेपरने घासल्या. नायलॉन मागवलंय. ते येईपर्यंत जुन्या सुतळीवर सराव म्हणून काल कमाटीबागेत झाडांना लाइन बांधत फिरलो. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, ‘भाई, उत्तराण तो गई!’ डोळे मिटून परत येताना दुसऱ्याच झाडाला डोकं आपटलं, म्हणजे लाइन मी सैल सोडली होती. हाताने चाचपताना ती बाजूला सरकत होती. वळणावर ताण कसा राखायचा, हे कोणी सांगेल का? की प्रत्येक वळणाला वेढा घालायचा?

खोल_विहीर:

प्रत्येक वळणाला नाही. जिथे लाइन आपणहून अरुंद फटीत सरकेल, जिथे तुमचा देह मावणार नाही, तिथे आधी वेढा. बाकी ठिकाणी बोट चकतीवर ठेवा आणि ती ताठ ठेवा. फिरकीचा तळहात आठवा. आणि डोळे मिटू नका, बांधून घ्या. मिटलेले डोळे फसवतात.

मकरपुऱ्याचा_लेथ:

बायको फडकं बांधायला तयार झालीय. अट एकच, बागेतून थेट शेव-उसळ.