मल्चिंगची पाती बसवली, आता लॉनवर गवताचे गोळे पडतात

सरपंच_ओहायो:
मंडळी, कोलंबसच्या बाहेर आमची पाऊण एकराची लॉन आहे. गेल्या वर्षी बॅटरीवरचा, बसून चालवायचा मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, घेतला. डेक, म्हणजे पात्यांवरचं आवरण, ४२ इंची, खाली दोन पाती. कापलेलं गवत तो बाजूने फेकतो आणि मागून दाताळं घेऊन मी. पाठीने संप केला म्हणून मल्चिंगची, म्हणजे गवत बारीक करून तिथंच सोडणारी, पाती आणली. जुन्या पात्याचं मागचं टोक पंखासारखं वर वळलेलं, ते हवा ओढून गवत बाहेर ढकलतं. नवीन पातं नागमोडी, धारही जास्त लांब. गवत डेकमध्येच फिरत राहून त्याची कुट्टी व्हावी, म्हणून बाजूच्या तोंडाला झाकणही लावलं.

शनिवारी चार वाजता घराची डावी बाजू जुन्या पात्यांनी कापली. बॅटरी १०० वरून ७८ वर आली. संध्याकाळी पाती बदलली. किल्ली खिशात, बॅटरी सोडवलेली, हातात जाड मोजे, तरी बायको दोनदा येऊन विचारून गेली, "किल्ली कुठाय?" रात्रभर चार्जिंग. रविवारी सकाळी साडेआठला उजवी बाजू नव्या पात्यांनी. बॅटरी ६७! वर म्हैस चालून गेल्यासारखे हिरवे गोळे जागोजागी. ५५ डॉलर पाण्यात का?

खडीसाखर:
मे महिन्यात सकाळी साडेआठला? अहो, तुम्ही पात्यांची नाही, दवाची परीक्षा घेतलीत. ओलं गवत डेकला आतून चिकटतं, फिरायला जागा उरत नाही, मोटर कण्हते आणि बॅटरी उतरते. दोन्ही बाजू एकाच दिवशी, कोरड्या गवतावर कापा, मग बोलू. गवत किती उंच होतं आणि किती ठेवलंत?

सरपंच_ओहायो:
सहा इंच होतं, तीनवर आणलं. दवाचं खरंच डोक्यात आलं नाही.

पाचटवाला:
दादा, निम्मं कापलंत की! एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. सहाचं आधी चार करा, चार-पाच दिवसांनी तीन. आमच्याकडे शिरोळला भाऊ उसाचं पाचट पेटवत नाही, कुट्टी करून सरीतच ठेवतो. तुकडा बारीक असला तरच ते लवकर कुजतं. लॉनचंही तेच. गवतात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, बारीक झालं की आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेनासं होतं. वर्षाला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी पाव हिस्स्यापर्यंत त्यातून परत मिळतं, म्हणजे खताची एखादी गोणी वाचते.

गॅरेजमधला_बाबा:
दोन गोष्टी बघ. एक, पातं उलटं तर नाही ना बसवलंस? हसू नकोस, मी बसवलं होतं, आणि अख्खी लॉन चावल्यासारखी दिसत होती. दुसरं, डेकच्या आतला जुना थर प्लास्टिकच्या उलथन्याने खरवड. आणि सावकाश चालव. पेट्रोलच्या गाडीत इंजिन एकच, थ्रॉटल कमी केलास की पातीही मंदावतात. बॅटरीच्या बहुतेक गाड्यांत पात्यांच्या मोटरी वेगळ्या असतात, चाकं हळू फिरली तरी पाती पूर्ण वेगाने फिरतात. त्याचा फायदा घे.

सरपंच_ओहायो:
पाती सुलटीच होती, पण डेकमध्ये बोटभर थर निघाला. गवत पुन्हा वाढल्यावर बुधवारी ते चारवर आणलं. काल दुपारी तीन वाजता बाजूंची अदलाबदल केली: डावीकडे मल्चिंग, उजवीकडे जुनी, दोन्ही वेळा पूर्ण चार्ज. त्यामुळे उजवी बाजू कापेपर्यंत सात वाजले. जुन्यांनी २० टक्के खाल्ले, नव्यांनी २३. बॅटरी थोडी जास्त जातेच, पण दाताळं भिंतीला टेकवून ठेवलंय. गोळे फक्त मेपलच्या सावलीत पडले, तिथं संध्याकाळपर्यंत ओल असते. तेवढा तुकडा तोंड उघडं ठेवूनच कापावा का?

खडीसाखर:
हो. किंवा तेवढ्या जागेत डेक एक खाच वर घ्या आणि दोनदा फिरवा.