मदत हवी आहे : हनुक्का आणि नाताळ एकाच घरात, खरेदी कोणती करावी?

नमस्कार. मी मूळची वसईची कॅथलिक, यजमान बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू. ठाण्यातील आमच्या घरी खिडकीत हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दीपोत्सवाची, हनुक्किया (नऊ ज्योतींचे दीपदान) असते आणि दाराबाहेर नाताळचा तारा. 2024 मध्ये हनुक्काची पहिली ज्योत नेमकी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागली होती, आणि 2027 मध्ये हा सण 24 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होणार असल्याने दरवर्षी वापरता येतील अशा वस्तू आतापासूनच जमवाव्यात, असा विचार आहे.

तारे, गव्हाणीतील मूर्ती हे सारे वांद्र्याच्या हिल रोडवर मिळते. अडचण हनुक्कियाची आहे. आठ दिवसांत, शामाश (बाकीच्या ज्योती पेटवण्याची मेणबत्ती) धरून, एकूण 44 मेणबत्त्या लागतात आणि आमच्याकडील पातळ पत्र्याच्या हनुक्कियात त्या कलंडतात (सासूबाई तेलवातीच बऱ्या म्हणतात, आणि त्यांचे खरेच आहे). तेल घालता येईल अशी जड पितळी हनुक्किया कोणी मुंबई-ठाण्यात घडवून घेतली आहे काय? मुलांसाठी लाकडी ड्रेडल, म्हणजे चौकोनी भोवरा, हवा आहे. मात्र त्यावरच्या हिब्रू अक्षरांत इस्रायलमध्ये असते ते ‘पे’ नको, इस्रायलबाहेर चालणारे ‘शिन’ अक्षर असावे. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना रुचलेली एखादी वस्तू आपल्या घरी असल्यास तीही कृपया कळवावी.