मैत्रीत इच्छा आली की स्वार्थ आलाच का? (प्लेटो, अरिस्टॉटल)

अमळनेरकर
सध्या प्लेटोचा ‘लायसिस’ हा मैत्रीवरचा संवाद वाचतोय. अथेन्समधला नवा आखाडा, हर्मीसचा सण, आणि सॉक्रेटिस लायसिस-मेनेक्झेनस या दोन पोरांना विचारतोय, मित्र म्हणजे कोण? आजारी माणसाला वैद्य हवासा वाटतो तो आरोग्यासाठी, म्हणजे आजाराचं वाईट आहे म्हणून. बरं, जगातलं सगळं वाईट संपलं तर? तरी भूक-तहान राहतेच. म्हणजे मैत्रीचं मूळ इच्छा, आणि इच्छा कशाची, तर जे आपलंच, पण आपल्यापाशी नाही, त्याची.

इथे माझी गाडी अडली. माझा एक दोस्त कापूस विकायची वेळ आली की हमखास फोन करतो, कारण पिकअप माझ्याकडे आहे. इच्छा त्यालाही आहेच की! मग हिला मैत्री म्हणायचं का?

तापीकाठ
डिझेल कोण टाकतं ते आधी सांगा, तत्त्वज्ञान मग.

रावेरचा केळीवाला
भाऊ, अरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा आठवा-नववा भाग काढा. उपयोगाची मैत्री तो मैत्रीतच धरतो, फक्त उपयोग संपला की ती संपते. वाइनचा त्याचा दाखला मला फार आवडतो: वाइनचं कुणी भलं चिंतत नाही, ती टिकावी असं वाटतं ते आपल्याला प्यायला मिळावी म्हणून. मित्राचं भलं मात्र त्याच्यासाठीच चिंतायचं.

पण यावरून इच्छा बाद, असं समजू नका. स्पर्धेतल्या अनोळखी खेळाडूबद्दलही आपल्याला सदिच्छा वाटते. तिच्यात ओढ नसते, म्हणून ती मैत्रीची नुसती सुरुवात, असं तोच म्हणतो. पुढे सहवास लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही. आपल्याकडच्या भरीत पार्टीतच बघा ना. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजून झाली की हात पोळत साली काढायला कोण बसतं, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी ताटात पडल्यावर कोण उगवतं, हे दोन हिवाळ्यांत लख्ख दिसतं.

तुमचा दोस्त यातला कोणता?

अमळनेरकर
साली काढणारा! डिझेल मीच टाकतो, तापीकाठ. पण यंदा त्याचा फोन उशिरा आला तर मलाच चैन पडेना. शेवटी मीच लावला. म्हणजे इच्छा एकट्या त्याचीच होती असंही नाही.

तापीकाठ
भरिताची वांगी बामणोद गावची आणा. आम्ही येतो.