कधीतरीच चालणारी गाडी आणि टाकीतलं जुनं पेट्रोल : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निदान चार-पाच गाड्या अशा आहेत की मालक पुण्याला नाहीतर परदेशात आणि गाडीवरची धूळ बहुतेक सिंहस्थालाच झटकणार. आमच्या बाबांची अल्टो पण त्याच रांगेत, जानेवारीपासून हललेली नाही. पेट्रोल पडून पडून खराब होतं म्हणतात, तर तुम्ही काय करता ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं.

गंगापूर रोडवाले काका : मी रिटायर्ड, गाडी लागते कुठे? पण दर पंधरवड्याला सकाळी सकाळी त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो, दर्शनही होतं आणि इंजिनही नीट तापतं. वॉचमनला चावी देऊन "पाच मिनिटं चालू ठेव रे" सांगणारे बरेच आहेत, त्याने भलं काही होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि सेल्फ मारायला खर्च झालेली बॅटरी तेवढ्यात भरतही नाही.

सातपूरचा गॅरेजवाला : काका बरोबर बोलले. पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो आणि थंड इंजिन पेट घेतं ते त्याच्याच जोरावर, राहिलेलं पेट्रोल हवेशी लागून चिकट होतं. जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० येते ना, तिचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, उघडले की आत पिवळट डिंक बसलेला असतो आणि वास थेट वॉर्निशचा. नवीन गाड्यांची टाकी बऱ्यापैकी बंद असते म्हणून तिथे हे सावकाश होतं. पण आता पंपावर ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, आणि गाडीतला पेट्रोल ओढणारा पंपही तळातूनच ओढतो! म्हणून आमच्याकडे अशा गाड्या पावसाळ्यानंतर जास्त येतात.

बोटीवर नोकरी, घर पाथर्डी फाट्याला : मी चार-सहा महिने नसतो. जायच्या आधी टाकी फुल करतो, वर हवाच कमी राहिली तर ओल कुठून येणार. सोबत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून मिसळायचं औषध, टाकतो, पण ताज्या पेट्रोलमध्ये, आणि टाकून दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणतो म्हणजे ते इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून झाकण लावलं तर पाईपात जुनंच राहतं की.

पंचवटीहून : मी उलट करते. टाकी पाव भरलेली ठेवते आणि दर महिन्याला थोडं ताजं टाकते. फुल केलं तर तेच पेट्रोल वर्षभर संपणार नाही माझ्याकडून.

सातपूरचा गॅरेजवाला : ताई, गाडी फिरतेय तोवर तुमचं ठीक. महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बोटीवाल्यांचं ऐका.

देवळाली कॅम्प : पेट्रोलचं सोडा हो, आमच्याकडे उंदरांनी वायरिंग खाल्लं. बॉनेट उघडून बघत जा आधी.

धागाकर्ता : आमच्या अल्टोत पाव टाकी आहे, जानेवारीचीच, आणि मध्ये अख्खा पावसाळा गेला. स्टॅबिलायझर टाकून बघू का?

सातपूरचा गॅरेजवाला : नाही, बिघडलेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. सेल्फ मारत बसू नका. मेकॅनिकला घरी बोलवा, थोडं बाटलीत काढून बघू दे. खाली वेगळा थर दिसला, गढूळ असलं किंवा आंबूस वास आला तर सगळं काढून टाकायचं, ताजं मिसळून चालवायचं नाही. तेवढं पेट्रोल वाया गेलेलं गाडीत नवीन पंप बसवण्यापेक्षा स्वस्त.

पंचवटीहून : आणि काढलेलं कुठे टाकायचं? आमच्या गल्लीत एकाने सरळ गटारात ओतलेलं.

सातपूरचा गॅरेजवाला : गटारात नको आणि घरी पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नको, पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते. मेकॅनिकच्याच ताब्यात द्या, धातूच्या कॅनमध्ये घेऊन जाईल.