मदत हवी आहे : लॉकडाऊनमधला पगार, पीएफ आणि बँकेचं २० टक्के कर्ज

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग-ड्रिलिंग करून देतो, सगळं जॉबवर्क. हजेरीपटावर २२ माणसं. शॉपवर मिस्टर असतात, हिशेब-पगार-पीएफ माझ्याकडे. आज १४ जून २०२०. मेच्या पीएफची तारीख उद्याच आहे, म्हणून घाईत लिहितेय.

मार्चचा पगार पूर्ण दिला. एप्रिलमध्ये एक बिल निघालं नाही, तरी प्रत्येकाच्या खात्यावर ५,००० टाकले. मेमध्ये ९ जणांवर काम सुरू केलं. ६ जण घरी बसून आहेत आणि ७ जण श्रमिक ट्रेनने बिहार-यूपीला गेले.

२९ मार्चला गृह मंत्रालयाने आदेश काढला होता, की बंदच्या काळातही पगार कापायचा नाही. तो १८ मेपासून उठला. मधल्या ५० दिवसांचं काय? परवा १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की मालक-कामगारांनी बोलून मिटवावं, नाही जमलं तर कामगार खात्याकडे जावं, तोवर मालकांवर सक्तीची कारवाई नको. ओळखीतले सगळे म्हणतात, "सुटलात, आता गप्प बसा." मला हे पटत नाही. न्यायालयाने पगार माफ केलेला नाही.

आमचा एक टर्नर १४ वर्षं आमच्याकडे आहे. गावी जायच्या आदल्या दिवशी त्याने लेथच्या बेडला ग्रीस लावलं, वर जुनी चादर टाकली आणि स्वतःचा मायक्रोमीटर माझ्या हातात दिला, "भाभी, संभालके रखना." त्याचे पैसे मला द्यायचेच आहेत. एकदम जमणार नाही, हप्त्याने देईन. पण लेखी कसं करायचं? आणि ते ५,००० पगार धरायचे की उचल? त्या घोळात एप्रिलचा ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं ऑनलाइन विवरणपत्रसुद्धा राहिलंय.

बँकेत २९ फेब्रुवारीला सीसी (कॅश क्रेडिट) आणि मुदतकर्ज मिळून १८ लाख ४० हजार बाकी होती, सगळे हप्ते वेळेवर. म्हणजे त्या बाकीच्या २० टक्के जादा कर्ज देणाऱ्या सरकारच्या नव्या योजनेत ३ लाख ६८ हजार मिळायला हवेत. शाखेत गेले तर म्हणाले, घराचे कागद आणा.

शॉपमध्ये सहा-सहा फुटांवर लाल रंगाचे गोल मारलेत, गेटवर ताप तपासतो, जेवण दोन पाळ्यांत. आमच्या वेल्डरने भंगारातल्या पाइपचा पायाने दाबायचा नळ बनवलाय, त्यामुळे कुणाला तोटीला हात लावावा लागत नाही. पण निम्म्या लोकांकडे साधे फोन आहेत, सरकारचं कोरोनाचं आरोग्य सेतू ॲप कुठून आणू? आणि कुणी कोरोना पॉझिटिव्ह निघाला तर मालकावर केस होते हे खरं का?

प्रतिसाद १

ताई, आधी पीएफ. १०० पर्यंत माणसं आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५,००० च्या आत असेल, तर त्या लोकांचे दोन्हीकडचे १२-१२ टक्के सरकार भरतंय. मार्च ते मे होतं, आता ऑगस्टपर्यंत वाढवलंय. मात्र पगार दिल्याचं डिक्लरेशन देऊन ईसीआर भरायला हवा आणि यूएएनला, म्हणजे प्रत्येकाच्या कायमच्या पीएफ नंबरला, आधार जोडलेलं हवं. नावाच्या स्पेलिंगवर बरेच अडकतात, ते आजच बघा. ५,००० पगार दाखवलेत तर त्यावरचा पीएफ या योजनेत बसेल. उचल दाखवलीत तर पुढे त्या माणसाच्या पगारातून कापणं आलं. तुमची नियत बघता पगारच दाखवा. एप्रिलचाही लगेच भरून टाका, लॉकडाऊनमुळे झालेल्या उशिराला दंड लावणार नाही असं पीएफ ऑफिसने मेमध्ये जाहीर केलंय.

प्रतिसाद २

भोसरीत माझंही छोटं शॉप आहे. बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्यात महिना गेला माझा. हे कर्ज शंभर टक्के सरकारी हमीवर आहे, जादा तारण मागता येत नाही, प्रोसेसिंग फीसुद्धा नाही. ४ वर्षं मुदत, पहिले १२ महिने मुद्दल नाही, बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जात नाही. व्याज मात्र पहिल्यापासून चालू, तेवढं हिशेबात धरा.

केसची भीती सोडा. २३ एप्रिललाच केंद्राने खुलासा केलाय, की पॉझिटिव्ह निघाला म्हणून मालकावर कारवाई किंवा फॅक्टरी सील असं काही नियमांत नाही. आरोग्य सेतूही १७ मेच्या आदेशानंतर ज्यांच्या फोनवर चालतं त्यांच्यापुरतं, तेही शक्य तितकं.

पगाराचं मी प्रत्येकाशी वेगळं बोललो. किती दिवसांचे, किती रुपये, कुठल्या महिन्यात, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पैसे खात्यावरच टाका, रोख नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ईसीआरला बसलेय, तिघांच्या आधारवरची नावं जुळत नाहीत, त्यांना फोन लावतेय. टर्नरशी आत्ताच बोलले. जुलै ते सप्टेंबर तीन हप्ते ठरले, पेरणी झाली की येतो म्हणाला. त्याला मराठी वाचता येत नाही आणि न वाचता त्याने सही करावी असं मला वाटत नाही. असा कागद कुणाकडे हिंदीत असेल तर इथे टाकाल का?